भाषांतर बरोबर, मोजमाप चूक : ईएटी-२६ प्रश्नावलीची चिकित्सा

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात मोजमापन शिकवतो. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण व्हर्नियर हातात घेण्याआधी शून्यत्रुटी पाहा, हे दरवर्षी सांगणाऱ्याला ईएटी-२६ वाचताना गप्प बसवत नाही.

खाण्याच्या विकारांची शक्यता तपासणारी ही प्रश्नावली टोरांटोत गार्नर, गारफिंकेल आणि सहकाऱ्यांनी तयार केली. २६ प्रश्नांचे रूप १९८२ चे. गुण २० किंवा अधिक आले, तर पुढील तपासणी करायची. म्हणजे ही चाळणी आहे, निदान नव्हे.

आता एक प्रश्न घ्या : भूक असूनही तुम्ही खाणे टाळता का? याचे मराठी सोपे आहे. ते पुन्हा इंग्रजीत नेले तरी अर्थ हलत नाही. तरीही संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणारी मुलगी आणि वजनाच्या धास्तीने ताट दूर सारणारी मुलगी एकाच रकान्यात खूण करतात. किंग आणि भुग्रा यांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातील शाळकरी मुलींच्या अभ्यासात हीच अडचण दाखवली : काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी धार्मिक उपवासाशी जोडला होता. (स्कॉफ या ब्रिटिश प्रश्नावलीत वजनघट ‘स्टोन’मध्ये विचारतात. त्याचे किलो करता येतात. उपवासाचे काय करणार?)

उलट बाजू अधिक गंभीर आहे. हाँगकाँगमध्ये सिंग ली आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अॅनोरेक्सियाच्या ७० चिनी रुग्णांची माहिती मांडली. त्यांतील ४१ जणांना लठ्ठपणाची भीती नव्हती. पोट फुगते, भूकच नाही, अशी कारणे ते देत. ईएटी-२६ मध्ये वजनाच्या भीतीवर बरेच प्रश्न आहेत. तिथे असा रुग्ण कमी गुण मिळवून सुटतो. डीएसएम-५ ने २०१३ मध्ये, भीती बोलून दाखवली नाही तरी वजनवाढ रोखणारे सततचे वर्तन ग्राह्य धरले. जुनी प्रश्नावली मात्र तशीच फिरते आहे. पहिल्या चुकीत एक मुलाखत वाया जाते. दुसऱ्या चुकीत जीव जाऊ शकतो.

म्हणून प्रश्नावली फेकू नका, पण नुसत्या बेरजेवर थांबूही नका. प्रत्येक ‘नेहमी’पुढे ‘का?’ विचारा. उपवास कोणता, घरात आणखी कोण धरते, सोडताना काय खाल्ले, आणि सोमवारचा उपवास गुरुवारी, शनिवारीही कधीपासून होऊ लागला, हेही विचारा.