विशेष संदर्भ : अमरावती शहर

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेच्या पदवी विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. अमरावती-अकोल्याकडचे हे लेखन लेखन म्हणून कुणी वाचत नाही. गुण देण्यापुरते चाळतात. शीर्षकातच साचा दिसतो : आधी विषय, मग ‘एक अभ्यास’, शेवटी ‘विशेष संदर्भ : अमरावती शहर’. आत मात्र अमरावती शोधून सापडत नाही. पन्नास ग्राहक, समाधानी की असमाधानी, एक रंगीत वर्तुळालेख आणि ‘गृहीतक सिद्ध झाले’. अमरावतीच्या जागी अकोला घातले तरी एक वाक्य हलत नाही.

यासाठी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना हसणे सोपे आहे, पण साचा त्यांनी घडवलेला नाही. तो आम्ही शिक्षकांनी हातात दिला. राज्यातल्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवात वाणिज्य, व्यवस्थापन व विधी असा स्वतंत्र गट आहे आणि पदवीच्या मुलांनाही त्यात जागा आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्र प्रकल्प अभ्यासक्रमातच आला. म्हणजे असे अहवाल आता आणखी लिहिले जाणार.

आणि हे घडते कुठे? ज्या वऱ्हाडात १८८६ साली कारंज्याला देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ उभी राहिली, जिथल्या कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ साली खास कायदा झाला, तिथे. पुढे १९७२पासून कापूस एकाधिकार खरेदी आली. २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज आले. अमरावती आणि अकोला दोन्ही त्यात होते. सार्वजनिक धोरणाचे इतके प्रयोग ज्यांच्या धुऱ्यावर झाले, त्यांची नातवंडे मोबाइल कंपनीच्या ग्राहकांचे समाधान मोजत आहेत.

तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो : घरचा कापूस कुठे विकला? तोवर घोकलेले बोलणारा मुलगा एकदम मोकळा होतो. ‘खेडा खरेदीतच देल्ला सर. काट्यात घट गेली, पन नगदी भेटले.’ २०२४-२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तरी माल दारातच का जातो, हे त्या मुलाला पाठ असते : ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर केंद्रावरून गाडी परत, भाडे अंगावर, चुकारा नंतर, आणि दुकानदाराची उधारी आजची. व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला मोठमोठे शब्द आहेत. अहवालात यातले काहीच येत नाही, कारण प्रश्नावलीत त्याला रकाना नाही. ‘हमीभाव योजनेबद्दल आपण समाधानी आहात का?’ असे विचारले की शेतकरी हो म्हणतो. विचारणारा शेजाऱ्याचा पोरगा असतो.

माझी मागणी फार मोठी नाही. मत विचारू नका, व्यवहार पाहा. गावातल्या दहा घरांच्या विक्रीची तारीख, वजन, दर, कपात लिहून घ्या. त्याच दिवसाचा बाजार समितीचा भाव शेजारी मांडा. दोहोंतला फरक कुठे गेला ते शोधा. दहा नमुने थोडे आहेत असे परीक्षक म्हणतील. म्हणू द्या, पन्नास ‘समाधानी’ उत्तरांहून त्यात जास्त माहिती आहे. अकोल्याच्या डाळ गिरण्यांतली तूर, परतवाड्याकडचा संत्रा, यांचाही असाच माग काढता येईल.

अडचण एकच. कापूस बाजारात येतो, नेमके तेव्हाच आमच्याकडे हिवाळी परीक्षा चालू असतात.