टिचकी

इन्स्टाग्रामवर एका फुलदाणीचा फोटो येतो. अंगभर निळी फुलं, मोरपिसासारखी उमललेली. आपण स्क्रीनवर दोनदा टिचकी मारतो आणि पुढे सरकतो. वाशिमच्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेणारी बाईही टिचकीच मारते, पण मग ती कान देते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर. दोन्ही टिचक्या म्हणजे समीक्षाच. क्रिस्टल ग्लेझच्या भांड्यांना सध्या फक्त पहिली मिळते आहे.

ही फुलं कुणी रंगवलेली नसतात. या झिलईत झिंक ऑक्साइड भरपूर, साधारण पाव हिस्सा, आणि अ‍ॅल्युमिना जवळजवळ नाही. भट्टी १२५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की झिलई पातळ होऊन वाहू लागते. मग तापमान झटकन ११०० च्या आसपास उतरवून काही तास तिथेच धरायचं. त्या तासांत झिंक आणि सिलिका एकत्र येऊन विलेमाइटचे स्फटिक वाढतात. चिमूटभर कोबाल्ट असेल तर तो स्फटिकांत शिरतो आणि फूल निळं होतं. ओघळणारी झिलई झेलायला भांड्याखाली वाटी ठेवावी लागते, नंतर बूड घासून काढावं लागतं. स्टोनवेअरवर तर हे आणखी अवघड, कारण मातीतलं लोखंड झिलईत उतरून रंग मळवतं. म्हणून बरेच जण पांढऱ्या पोर्सेलीनकडे वळतात.

कष्ट खरेच आहेत. पण कष्ट म्हणजे गुण नव्हे. भांड्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: फूल झाकलं तर खाली काय उरतं?

भांड्यापेक्षा चित्र मोठं होण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा एक धागा वाशिमपर्यंत येतो. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची १६ आणि १७ क्रमांकांची लेणी घडली. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. त्याच कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी उभ्या केलेल्या कुंभारकामात अजिंठ्याची नक्षी भांड्यांवर उतरली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात या कलाशाळेची भांडी आहेत, जाऊन बघा. जिथे वेलबुट्टी गळ्यापासून पोटापर्यंत आकारासोबत वळते, तिथे भांडं जिंकतं. जिथे भिंतीवरची माणसं फुगीर पोटावर आणून बसवली जातात, तिथे ती पाहुण्यासारखी अवघडतात.

क्रिस्टल ग्लेझचं फूल बाहेरून आणलेलं नसतं, ते झिलईतूनच उगवतं. तरीही ते पाहुणं होऊ शकतं. रॉयल कोपनहेगन कारखान्यात वाल्देमार एंगेलहार्ट यांनी १८९० च्या दशकात या झिलईवर काम केलं आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती भांडी गाजली. तिथले आकार साधे, गुळगुळीत आणि शांत आहेत. स्फटिकाला पसरायला जागा आहे, आणि नजर फुलावरून निघून खांद्यावर, खांद्यावरून गळ्याशी पोचते. याउलट आज फोनवर दिसणाऱ्या कित्येक फुलदाण्यांत आकार म्हणजे नुसता कॅनव्हास झाला आहे. गळा कुठून का निघेना, बूड कसं का असेना, फुलं गच्च भरली की झालं. फोटोत एकच बाजू दिसते, वजन कळत नाही, काठ ओठाला कसा लागेल तेही कळत नाही.

स्टोनवेअर आपल्याला नवं नाही. आजीच्या फळीवरची तपकिरी-पांढरी लोणच्याची बरणी स्टोनवेअरच. तिची झिलई मिरवत नाही. मीठ, तेल, आंबट सगळं वर्षभर मुकाट सांभाळते. जास्त झिंक असलेल्या झिलईला आंबट सोसतंच असं नाही, म्हणून क्रिस्टलची भांडी बहुधा शोभेपुरतीच राहतात. शोभेचं असणं हा दोष नाही. पण ज्या भांड्याला पाणी, लोणचं, हात यांतलं काहीच तपासणार नाही, त्याच्या आकाराला सवलत कमी मिळायला हवी. त्याच्यापाशी दाखवायला दुसरं काही नाही.

तेव्हा लाइक जरूर द्या. पण विकत घेण्याआधी, किंवा त्याला कला म्हणण्याआधी, ते भांडं हातात घ्या, फिरवून चारी बाजूंनी बघा, उलटं करून बूड बघा, आणि बोटाने वाजवा. फोटो वाजत नाही.