सरळ रस्ते आणि समान माणसं

प्रिएनी या ग्रीक शहराचा नकाशा पाहिला की आपण भारावून जातो. मायकली डोंगराच्या उतारावर काटकोनात आखलेले रस्ते. चढ आला तिथे रस्त्याच्या पायऱ्या झाल्या, पण रेघ वाकली नाही. घरांचे चौक सुमारे ४७ बाय ३५ मीटरचे, सगळे सारखे. होप्फ्नर आणि श्वांडनर या जर्मन अभ्यासकांनी १९८६ च्या ग्रंथात अशा शहरांवरून मोठा सिद्धांत मांडला: सारखे भूखंड, सारखी घरं, आणि त्यामागे लोकशाहीचा विचार.

मला हे पुरतं पटत नाही. मोजमापं मोलाची आहेत, अनुमान मात्र घाईचं. प्रिएनीतच बघा ना! उत्खननातल्या ‘घर क्रमांक ३३’ला पुढे शेजारचं घर जोडून घेतलं गेलं. रस्ता सरळच राहिला. समता भिंतीआड मोडली.

ॲरिस्टॉटलला ही मेख कळली होती. अशा आखणीशी ज्याचं नाव जोडलं जातं, त्या मिलेटसच्या हिप्पोडामसने दहा हजार नागरिकांचं आदर्श नगर कल्पिलं: कारागीर, शेतकरी आणि योद्धे. ‘पॉलिटिक्स’मध्ये ॲरिस्टॉटलचा आक्षेप असा, की शस्त्रं फक्त योद्ध्यांकडे असतील, तर बाकीचे जवळजवळ त्यांचे गुलामच होणार. म्हणजे आक्षेप रस्त्यांवर नाही, सत्तेच्या वाटणीवर आहे.

म्हणून नकाशा वाचताना दोन प्रश्न विचारावेत. भूखंड कोणाला मिळाला? आणि पुढे तो कोणाच्या हाती राहिला? फूटपट्टी याचं उत्तर देत नाही, बरं का.