वार्धक्याचें दुःख आणि वार्धक्याचें दुखणें

गोदावरीच्या कांठीं पुणतांबा येथें चांगदेवांची समाधि आहे. हे योगी चौदाशें वर्षें जगले अशी परंपरा आहे. वाघावर बसून हातीं सर्पाचा चाबूक घेतलेले चांगदेव, ज्ञानदेवांस कोरें पत्र पाठविणारे चांगदेव आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु इतक्या वयांत वाघावरून उतरतांना त्यांचे गुडघे दुखत होते कीं नाहीं, हें कोणाही कथेकऱ्यानें सांगितलेलें नाहीं. त्या गांवीं आमचें आजोळ. लहानपणीं हा प्रश्न आम्हीं मामांस विचारला होता व त्याबद्दल बोलणीं खाल्लीं होतीं. आज पन्नाशी उलटल्यावर तो प्रश्न तितकासा पोरकट वाटत नाहीं. कारण मराठी रंगभूमीनें वार्धक्याचें जें चित्र आमच्या मनावर ठसविलें, त्यांतही नेमकी हीच उणीव आम्हांस दिसूं लागली आहे. म्हाताऱ्यांचें दुःख आमच्या नाटककारांनीं भरभरून लिहिलें. त्यांच्या दुखण्याकडे मात्र त्यांचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

वि. वा. शिरवाडकरांचें ‘नटसम्राट’ १९७० सालीं रंगभूमीवर आलें व जयवंत दळवींचें ‘संध्याछाया’ १९७३ सालीं. आमच्या वडिलांची पिढी हीं नाटकें पाहून रडली. आम्ही त्यांतील प्रवेश पाठ करीत वाढलों. पहिल्यांत वृद्धाचा मान जातो, दुसऱ्यांत त्याचीं माणसें जातात. एक मुलगा अमेरिकेंत रमलेला, दुसरा युद्धांत गेलेला, आणि मागें उरलेल्या नाना-नानींचें तें रिकामें घर! दळवींची थोरवी त्या रिकाम्या घराच्या वर्णनांत आहे, हें आम्ही आजही निःसंकोच मान्य करूं. पण शेवट पाहा. नाना-नानी झोपेच्या गोळ्या घेऊन जीवन संपवितात. म्हणजे गोळीला नाट्य प्राप्त झालें तें मरणाचें साधन म्हणून. सकाळची रक्तदाबाची, दुपारची साखरेची, रात्रीं सांध्यांची अशी जी गोळी म्हातारीं माणसें वर्षानुवर्षें, अनेकदां चुकून दोनदां, घेत असतात तिला त्या नाटकांत महत्त्वाची जागा नाहीं. कोणी म्हणेल, तें नाटककाराचें काम नव्हे. असेलही. परंतु प्रेक्षक जेथून डोळे उसने आणतो तेथील उणीव त्याच्या घरांत उतरते, आणि ती आमच्या घरांत कशी उतरली तें सांगणें येथें अप्रस्तुत होणार नाहीं.

आमचे तेच मामा पुढें स्मृतिभ्रंशानें ग्रस्त होऊन एका वृद्धाश्रमांत राहूं लागले. बोलणें जवळजवळ थांबलें होतें. अंघोळीच्या वेळीं ते सेवकांस मारीत, ओरडत. “मामांना माणसं हवीत हो, सर,” असें तेथील व्यवस्थापकांनीं सांगितलें, आणि आम्हांस तें तत्काळ पटलें! दर रविवारीं आम्ही जाऊं लागलों, जुने फोटो दाखविले, नटसम्राटाचीं स्वगतें म्हणून दाखविलीं. मामांचें मारणें कमी होईना. तेव्हां त्यांस झोपेची गोळी सुरू झाली व ते दिवसाही पेंगूं लागले. एकदां स्वच्छतागृहाकडे जातांना पडले. पूर्वीं तान्ह्या मुलांस निजविण्यासाठीं अफूची बाळगोळी देत असत. दोन्ही वेळीं विश्रांति मिळाली ती निजविणाऱ्यांस.

पुढें एक नवी परिचारिका आली. मामा केवळ सदरा घालतांना व काढतांनाच मारतात, तेंही डावा हात उचलला असतां, हें तिच्या ध्यानांत आलें. खांदा दुखत होता; सांगावयास शब्द नव्हते. डॉक्टरांनीं अंघोळीपूर्वीं अर्धा तास पॅरासिटामॉल देण्यास सांगितलें, झोपेची गोळी हळूहळू कमी करीत बंद केली, आणि मारणें जवळजवळ थांबलें. ह्यांत चमत्कार कांहींच नाहीं. नॉर्वेंतील १८ शुश्रूषागृहांत ३५२ स्मृतिभ्रष्ट रुग्णांवर झालेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, पायरीपायरीनें वेदनाशामक दिल्यानें आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता १७ टक्क्यांनीं उतरल्याचें दिसलें. ज्यास बोलतां येत नाहीं त्याचा श्वास, कण्हणें, चेहरा, अंगाची हालचाल व समजावल्यानें शांत होणें ह्या पांच गोष्टींवरून दहापैकीं गुण देण्याची एक रीत अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झाली. रसग्रहणाची ह्याहून कठीण परीक्षा आम्हां प्राध्यापकांस तरी माहीत नाहीं.

मामींची गोष्ट निराळी. त्या पुणतांब्यासच राहिल्या. त्यांचीं औषधें एका कापडी पिशवींत असत. दुकानदारानें कात्रीनें पट्टी कापून दिलेली; औषधाचें नांव एका तुकड्यावर राहिलें, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. त्यांत आम्हांस डायक्लोफिनॅकच दोन निराळ्या नांवांनीं सांपडलें: एक श्रीरामपूरच्या डॉक्टरांचें, दुसरें कोपरगांवच्या. दोघांसही एकमेकांची वार्ता नाहीं. हें औषध पोटांत रक्तस्राव करूं शकतें, व रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या आणि लघवी वाढविणारी गोळी ह्यांच्या संगतींत मूत्रपिंडास घातक ठरूं शकतें; मामी तीं दोन्ही घेत होत्या. हेंच औषध दिलेल्या गुरांचीं प्रेतें खाऊन आमचीं गिधाडें नाहींशीं झालीं, म्हणून २००६ सालीं भारतानें त्याच्या गुरांसाठींच्या उत्पादनावर बंदी घातली. माणूस गिधाड नव्हे, हें खरें. तरी मामींच्या पिशवीची तपासणी कोणींच केली नव्हती. पॅरासिटामॉलही सर्वस्वीं निरुपद्रवी समजूं नये. धडधाकट माणसास दिवसाची मर्यादा चार ग्रॅम. अशक्त वृद्धांस डॉक्टर त्याहून कमी ठरवितात, आणि सर्दीच्या गोळींत तें लपलेलें असतें तें वेगळेंच.

मॉर्फिनविषयीं मध्यमवर्गीय घरांत जी भीति आहे तिचाही उल्लेख केला पाहिजे. कर्करोगानें तळमळणाऱ्या वृद्धासही “संवय लागेल” म्हणून तें नाकारणारे सुशिक्षित आम्हीं पाहिले आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें वैद्यांचे हातही बांधले होते. २०१४ च्या दुरुस्तीनें ते पुष्कळसे मोकळे केले. मनें तितकीं मोकळीं झालेलीं नाहींत.

नाटककारांनीं मुलांस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें, तें योग्यच होतें. २००७ च्या मातापित्यांच्या निर्वाहाच्या कायद्यानें मात्र अन्न, वस्त्र व निवारा ह्यांच्या जोडीस औषधोपचार शब्दशः घातला आहे. ह्या एका बाबतींत कायद्याची दृष्टि आमच्या रंगभूमीहून अधिक बारीक निघाली, हें टीकाकारास कबूल करावेंच लागतें.

परिचारिकेनें मामांच्या खाटेशीं एक वही टांगली होती. औषध, मात्रा, वेळ, देणाऱ्याची सही, आणि शेवटच्या रकान्यांत त्या दिवशीं काय दिसलें तें. मामा गेल्यावर ती आम्हीं मागून घेतली. एका पानावर तिच्या वळणदार अक्षरांत लिहिलें आहे: “सकाळी साडेसात, एक गोळी. आठ वाजता अंघोळ. सदरा घालताना डावा हात आपण होऊन वर केला.”