जुन्या नंदीचा भाव

तान्हा पोळा जवळ आला की मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीच्या बाजारांत लाकडी नंदी मांडले जातात. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं ते चाकांवर ओढत तोरणाखाली आणतात, पूजा होते, झडत्या म्हटल्या जातात आणि मग घरोघरी फिरून बोजारा गोळा होतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. मला पडलेला प्रश्न मात्र उगमाचा नाही, भावाचा आहे. अलीकडे रंग उडालेला, कान तुटलेला जुना नंदी शोधत शहरातले खरेदीदार खेड्यांत येतात. शेजारी नवा कोरा नंदी असताना मोडक्याला त्याच्या कितीतरी पट पैसे कशाचे?

गावात मिळणारं पहिलं उत्तर म्हणजे सागवान महागलं. ते आमच्याकडे सहज पटतं. आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाचा लौकिक मोठा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये इथलंच लाकूड गेलं. पण घरगुती नंदीला लाकूड लागतं किती? वाढई तो दार-चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून करत. शिवाय लाकडाचाच हिशेब असता, तर मोठा नवा नंदी लहान जुन्याहून महाग ठरला असता. तसं होत नाही.

दुसरं उत्तर दुर्मीळतेचं. मायकेल थॉम्पसन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचं ‘रबिश थिअरी’ हे पुस्तक 1979 साली आलं. वस्तू दोन प्रकारच्या, असं तो मांडतो : काळाबरोबर किंमत घटणाऱ्या आणि वाढणाऱ्या. पहिल्या वर्गातून दुसऱ्यात जाण्याची वाट कचऱ्यातून जाते. मधल्या काळात ती वस्तू कुणालाच नको असते. बहुतेक नग तेव्हाच मोडतात, जळतात, आणि उरलेल्यांना भाव येतो.

हे मला माझ्याच घरात दिसलं. घराची डागडुजी करताना माळ्यावरचा आमचा नंदी खाली उतरवला. एक पाय उधईनं खाल्लेला. मीच तो भंगारात दिला. वेगळे पैसेही मागितले नाहीत. जे तेव्हा सांभाळून राहिले, त्यांच्या नंदीचा भाव वाढवण्यात माझाही हातभार आहे. आणि आज तो विकत घ्यायला निघालेलेही पुष्कळदा माझ्याच वयाचे. लहानपणी दोरी ओढली, आता हातात पैसा आहे आणि गाव सुटलं आहे.

पण दुर्मीळताही एका जातीची नसते. ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेट या पात्राचा, रॉकेट उडवणारा एक नमुना 2024 मध्ये अमेरिकेत लिलावात 5 लाख 25 हजार डॉलरला गेला. मुलांच्या घशात रॉकेट अडकेल या भीतीनं ते खेळणं दुकानात आलंच नव्हतं. म्हणजे इतकं महाग ठरलेलं खेळणं कुठल्याच मुलाच्या हाती पडलं नाही. त्या बाजारात न उघडलेल्या खोक्यालाही मान असतो.

नंदीचं उलट आहे. पोळ्याआधी त्याला दरवर्षी नवा रंग लागतो. पाठीवर गेरू, त्यावर पांढरा, त्यावर ऑइलपेंट. शिंगांपाशी लहान हातांनी झिजलेली जागा. खरेदीदार नखानं खरवडून हेच थर पाहतो. तो पैसे मोजतो ते वापराच्या खुणांचे.

माझा आक्षेप इथेच आहे. शोकेसमध्ये गेल्यावर नंदीवर पुढचा थर चढत नाही. ज्या वापरामुळे भाव आला, तो वापर खरेदीच्याच दिवशी थांबतो. आणि थरांबरोबर त्यांची माहिती जात नाही. पुण्यातल्या एका दुकानात मी अगदी आमच्याकडचा वाटावा असा नंदी पाहिला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘आदिवासी कला, मध्य भारत’. खेड्यातल्या वाढयाचं काम एका शब्दात दुसऱ्याच्या नावे जमा झालं. गाव गेलं, घरही गेलं. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पण नंदीवर साल कोरलेलं नसतं. विकताना तो सव्वाशे वर्षांचा सांगता येतो, नेताना साठ वर्षांचा.

विकू नका, असं मी कुणाला म्हणणार नाही. उधईनं खाण्यापेक्षा ते बरं, आणि गरज ज्याची त्याला कळते. देण्याआधी एवढंच करावं : फोटो काढावा, घडवणाऱ्या वाढयाचं नाव, गाव आणि कुणाकुणाच्या हाती तो होता हे घरातल्या वृद्धांना विचारून वहीत लिहावं. एक प्रत नंदीबरोबर द्यावी, एक घरी ठेवावी. आमच्या नंदीच्या वाढयाचं नाव आईला ठाऊक होतं. मी ते विचारलं नाही, आणि आता विचारायला आई नाही.