निर्जीवाची तोंडी परीक्षा

परीक्षक होणें सोपें. परंतु आपण नेमकें काय मोजतों हें सांगणें कठीण, असा आमचा तीस वर्षांच्या अध्यापनाचा अनुभव आहे. गेल्या सत्रांत तो नव्यानें आला. घरून लिहून आणावयास सांगितलेल्या निबंधांपैकीं एक आम्हांस फार आवडला. भाषा सफाईदार, मांडणी नेटकी, दाखले समर्पक. वर्गांत सर्वांत अधिक गुण आम्हीं त्यालाच दिले. दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी दाराशीं येऊन उभा राहिला व मान खालीं घालून म्हणाला, "सर, तो निबंध माझा नाहीं. यंत्राकडून लिहवून घेतला." राग येण्यापूर्वींच आमच्या मनांत आलें कीं, मग आम्हीं ते गुण दिले तरी कोणाला? निर्जीव वस्तूच्या बुद्धीचें माप घेतां येतें काय, हा प्रश्न असा आमच्या टेबलावर येऊन पडला. आणि त्यानेंच आम्हांस या विषयावरील सर्वांत गाजलेल्या निबंधाकडे पुन्हां वळविलें.

तो निबंध अ‍ॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाचा. 'माइंड' या तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिकाच्या ऑक्टोबर १९५० च्या अंकांत तो प्रसिद्ध झाला. यंत्र विचार करूं शकतें काय, हा प्रश्न चर्चा करण्याइतकाहि अर्थपूर्ण नाहीं असें ठरवून ट्यूरिंग यांनीं त्याच्या जागीं एक खेळ मांडला. परीक्षक एका खोलींत. एक मनुष्य व एक यंत्र दुसरीकडे. प्रश्नोत्तरें टंकलिखित, म्हणजे चेहरा व आवाज दोन्ही पडद्याआड. मनुष्य कोणता व यंत्र कोणतें हें परीक्षकानें ओळखावयाचें. सुमारें ५० वर्षांनंतर, ५ मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनीं सामान्य परीक्षकाला ही ओळख शंभरांत ७० हून अधिक वेळां पटणार नाहीं, असें त्यांचें भाकित होतें.

या योजनेंतील न्यायबुद्धि आम्हांस मान्य आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यांत आम्ही तरी कोठें शिरतों? त्याच्या उत्तरांवरूनच त्याची समज ताडतों. जो पुरावा मनुष्याच्या बाबतींत पुरेसा धरावयाचा, तो केवळ पोलादाचा व तारांचा देह पाहून नाकारणें हा पक्षपात होय. जेफरसन या शल्यवैद्यांनीं १९४९ सालीं असा आक्षेप घेतला होता कीं, यंत्रानें नुसतें काव्य लिहून भागणार नाहीं, तें भावनेंतून लिहिलें पाहिजे व तें लिहिल्याचें भान त्याला हवें. त्यावर ट्यूरिंग यांनीं आम्हां शिक्षकांचेंच शस्त्र पुढें केलें. पोपटपंची कोणती व समज कोणती हें आपण तोंडी परीक्षेंत पाहतोंच ना? मग यंत्रालाहि त्याच्या काव्यांतील शब्दाशब्दावर प्रश्न विचारा! निबंधांतील हा भाग सर्वांत बळकट आहे.

परंतु याच निबंधांत एक लहानसा नमुना आहे, व त्यांत या कसोटीचें व्यंग लपलें आहे. परीक्षक विचारतो कीं, ३४९५७ मध्यें ७०७६४ मिळवा. अर्धा मिनिट थांबून उत्तर येतें, १०५६२१. वाचकांनीं बेरीज करून पाहावी. खरें उत्तर १०५७२१ आहे. यंत्राचें गणित कच्चें नाहीं. तत्काल व बिनचूक उत्तर दिल्यास तें उघडें पडेल, म्हणून अशा खेळांत त्यानें मुद्दाम चुकावें हें ट्यूरिंग यांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. म्हणजे ही परीक्षा उतरण्यासाठीं यंत्राला आपली खरी शक्ति झांकावी लागते. जी कसोटी सोंगाला गुण देते व अचूकपणाला दंड करते, तिनें बुद्धि मोजली असें कसें म्हणावें?

सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२५ सालीं हाच खेळ ५ मिनिटांच्या मर्यादेनें खेळविला. जीपीटी-४.५ या यंत्ररचनेला परीक्षकांनीं शंभरांत ७३ वेळां मनुष्य ठरविलें. समोरच्या खऱ्या मनुष्याला डावलून! पण हें यश तिला विशिष्ट स्वभावाच्या व्यक्तीची बतावणी करण्यास सांगितलें तेव्हांचें. ती सूचना काढून घेतांच तें पुष्कळ घसरलें. या अवधींत तिची बुद्धि घटली नव्हती. बदललें होतें तें सोंग.

मग अन्य माप नाहीं काय? १९०५ सालीं पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने यांनीं सिमों यांच्या साहाय्यानें बुद्धिमापनाची पहिली श्रेणी रचली, ती शाळेंत मागें पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांना निराळें शिक्षण देतां यावें म्हणून. लांबी मोजावी तशी बुद्धि मोजतां येत नाहीं, असा इशारा त्यांनीं स्वतःच दिला होता. त्यांच्या पद्धतींत मुलाची तुलना समवयस्कांशीं होते. यंत्राचे समवयस्क कोण? मनुष्याला अनेक जन्मांत वाचून होणार नाहीं एवढा मजकूर त्याच्या पोटांत आधींच घातलेला असतो. ही अडचण ओळखून फ्रान्स्वा शोले यांनीं २०१९ सालीं असें सुचविलें कीं, कौशल्य किती हें पाहूं नये. थोडक्या अनुभवावर नवें कौशल्य किती त्वरेनें कमावतां येतें तें पाहावें. त्यासाठीं त्यांनीं रंगीत चौकटींचीं कोडीं रचलीं. दोनचार उदाहरणांवरून नियम ओळखावयाचा व तो नव्या चौकटीला लावावयाचा. ही दिशा आम्हांस अधिक सरळ वाटते, कारण येथें कोणाला फसवावयाचें नाहीं. तरी जें मोजलें जातें तें शिकण्याचें सामर्थ्य; त्या सामर्थ्यामागें जाणणारा कोणी आहे कीं नाहीं, हें त्या आंकड्यांत येत नाहीं.

पैठणची आख्यायिका येथें आठवते. ज्ञानदेवांनीं रेड्याच्या मुखानें वेद वदविले, तेव्हां रेडा वेदशास्त्रसंपन्न झाला असें कोणीहि म्हटलें नाहीं. श्रेय ज्ञानदेवांना मिळालें, आणि सभेला मात्र कळून चुकलें कीं, ज्या पठणावर आपला अधिकार उभा आहे तें पठण म्हणजे ज्ञान नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच आहे. निर्जीवाचें सामर्थ्य कामापुरतें अवश्य मोजावें. परंतु एखादी परीक्षा तें सहज उतरलें, तर त्याला मखरांत बसविण्यापूर्वीं त्या परीक्षेकडे पाहावें. आमच्या गुणांची वाट तर यंत्र येण्याच्या पुष्कळ आधीं चुकली होती. सफाईदार भाषा व पाठ केलेले दाखले यांना आम्हीं तीस वर्षें गुण दिले. समज आहे कीं नाहीं हें विचारावयास सवड काढली नाहीं.

हल्लीं आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला दहा मिनिटें समोर बसवून त्याच्या निबंधाविषयीं बोलतों. त्या मुलानें तोच विषय पुन्हां स्वतः लिहिला. तो निबंध पहिल्याहून कच्चा होता, गुणहि कमी पडले. पण त्यांतील चुका कोणाला फसविण्यासाठीं केलेल्या नव्हत्या. त्या त्याच्या स्वतःच्या होत्या; त्याला त्या टोंचत होत्या, आणि त्या कशा सुधाराव्या याविषयीं आम्हां दोघांना बराच वेळ बोलतां आलें.