'सदृश'चं शेपूट

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक छोटासा कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढायचा आणि तिथे 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, घालायचं, एवढंच त्याचं काम. मी पोटासाठी कोड लिहितो. आम्ही याला 'फाइंड अँड रिप्लेस' म्हणतो. कायद्यात कारणही दिलं आहे. शेतीच्या परिस्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत दिली जाते, तेव्हा फॅमिन उद्भवायला आता वावच नाही.

नऊ वर्षांनी बहात्तर उजाडलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. बहात्तरला आजी खडी फोडायला जात होती. सुकडी आणि मिलोची लाल भाकरी तिच्या बोलण्यात अजून येते. 'बहात्तरची टंचाई' असं मात्र ती म्हणत नाही. तिच्या वयाचं कुणीच म्हणत नाही.

सरकारची बाजूही ऐकून घ्यायला हवी. फॅमिन म्हणजे भुकेने माणसं मरणं. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती आणि तशी वेळ बऱ्याच अंशी टळली. अमर्त्य सेन आणि जाँ द्रेझ यांनीही त्याची दखल घेतली आहे. पण मराठीतल्या 'दुष्काळा'त फॅमिनही येतं आणि अवर्षणही. कागदावर उरली ती टंचाई. आराखडा टंचाईचा, आढावा बैठकही टंचाईचीच.

टंचाई कशाची तरी असते. पाण्याची, चाऱ्याची. प्रत्येकीची फाईल वेगळी करता येते आणि टँकर आला की ती बंदही करता येते. दुष्काळ हा काळ असतो. त्यात पाणी, चारा, सावकार, कोयता घेऊन कारखान्याला गेलेलं घर, पोरीचं घाईने उरकलेलं लग्न, सगळं एकत्र येतं. हा काळ आपल्यावर का आला, असंही मग कुणीतरी विचारतं. तो प्रश्न टँकरने मिटत नाही.

२०१५च्या शासन निर्णयात 'दुष्काळसदृश' हा शब्द होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मे २०१६मध्ये सरकारने मान्य केलं की जिथे 'टंचाई' किंवा 'दुष्काळसदृश' लिहिलं आहे तिथे 'दुष्काळ' वाचावं. २९ हजारांहून अधिक गावांत असा शुद्धिपत्रकाने दुष्काळ पडला. पुढे २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आधी १८० तालुके 'दुष्काळसदृश' ठरले आणि आठवडाभराने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत त्यासाठी 'ट्रिगर' ठरवलेले आहेत. निकष असण्याला माझी हरकत नाही. पण मोजमापाच्या एका पायरीचं नाव पुढे भाषणांत येतं, बातम्यांत येतं, आणि तिथून आपल्या तोंडी बसतं.

शब्द कुठलाही असो, सवलती त्याच, असं यावर सांगितलं जातं. व्हेरिएबलचं नाव बदललं तरी प्रोग्राम तसाच चालतो, हे खरं. माणसाचं तसं नसतं, हे मी स्वतःवरून सांगतो. २०१६च्या उन्हाळ्यात मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. रूममेटने विचारलं, गावाकडे कसं आहे? मी म्हणालो, "थोडी पाणीटंचाई आहे." त्या दिवशी आमचे दादा दोन्ही बैल घेऊन चारा छावणीत बसले होते. शब्द सहज तोंडात आला आणि त्याच सहजतेने संध्याकाळी मी दादांना फोन करून मेसचे पैसे मागितले. त्यांनी "बघतो" म्हटलं. 'दुष्काळ' म्हणालो असतो तर तो फोन माझ्याच्याने झाला नसता.

ऑफिसात आम्हीही बगला 'नोन इश्यू' म्हणून वेळ मारून नेतो. पण त्याच्यापुढे निदान तारीख टाकावी लागते आणि तो कुणाच्या अंगावर आहे त्याचं नाव लिहावं लागतं. 'दुष्काळसदृश'पुढे तो रकानाच नाही.